आठ लाख, अधिक-उणे चार लाख

तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. मी एका कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर आहे.

हसून झालं असेल तर पुढचं सांगतो. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात, सूतगिरणी चौकाच्या जरा अलीकडे आमचं घर आहे. घराच्या तळमजल्यावर एक खोली आहे. पूर्वी तिथे स्कूटर, हवा गेलेल्या सायकली, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि कुणाच्या तरी मुंजीत आलेली व कुणीच परत न नेलेली सतरंजी असा ऐवज असायचा. आता तिथे कंपनी आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांतून आमच्याकडे व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज असली मापं येतात आणि ती खरं मोजतात की थापा मारतात हे तपासून आम्ही सर्टिफिकेट देतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. लांबी मोजायची तर जगभर ठरलेलं तापमान 20 अंश, म्हणून खोलीत रात्रंदिवस एसी. आणि त्यामुळे मे महिन्यात बाहेर डांबर पातळ होत असताना गल्लीतली झाडून सगळी ज्येष्ठ मंडळी ‘काय, कसा चाललाय धंदा?’ असं विचारायला आत येतात आणि ऊन उतरेपर्यंत उत्तराची वाट बघत बसून राहतात. उत्तर मलाही माहीत नसतं.

हेच तर माझं दुखणं. दुसऱ्याच्या मायक्रोमीटरमधली मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची चूक मी चष्मा पुसता पुसता पकडतो. पण माझ्याच कंपनीला यंदा किती नफा होईल असं कुणी विचारलं तर माझी चूक लाखांच्या घरात जाते. आणि सरकार मला नेमकं तेच विचारतं. वर्षातून चारदा.

आधी हे नव्हतं. धंदा माझ्या एकट्याच्या नावावर होता. छोट्या धंदेवाल्यांसाठी आयकरात 44एडी नावाचं एक दयाळू कलम होतं: उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरायचा, आगाऊ कर एकदाच 15 मार्चपर्यंत भरायचा आणि आंब्याच्या पेटीची चौकशी करायला मोकळं व्हायचं. मी दरवर्षी मोकळा होत होतो. मग एका लग्नात, जिलबी वाढून होईपर्यंतच्या वेळात, माझा मेव्हणा म्हणाला, ‘भावजी, एकट्याच्या धंद्याला मोठ्या कारखान्यात कुणी विचारत नाही. प्रायव्हेट लिमिटेड करून टाका.’ मेव्हणा स्वतः काहीच करत नाही, त्यामुळे त्याच्या सल्ल्यात व्यवहाराची अडचण कधी येत नाही. मी करून टाकली. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन डायरेक्टर लागतात, म्हणून दुसरी डायरेक्टर आमची ही. स्थापनेपासून तीस दिवसांत बोर्डाची पहिली बैठक घ्यावी लागते, ती ओट्यापाशी झाली. अध्यक्षस्थानी मी होतो. पण कुकरच्या शिट्ट्यांत माझा ठराव कुणाला ऐकू गेला नाही आणि तेवढ्यात दुसऱ्या डायरेक्टरने ‘आधी ही कोथिंबीर निवडा’ असा उपठराव मांडून मंजूरही करून घेतला. इतिवृत्तात मी ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं.

ते दयाळू कलम कंपनीला लागू नाही, हे मेव्हण्याने सांगितलं नव्हतं. ते आमच्या सीएंनी सांगितलं, जूनच्या सुरुवातीला. सीए माझ्या मुलाच्या वयाचे आहेत आणि माझ्याशी वडीलकीच्या नात्याने वागतात, वडील ते.

‘काका, 15 जूनच्या आत पंधरा टक्के भरायचेत.’

‘कशाचे?’

‘वर्षभराच्या कराचे.’

‘अहो, पण वर्ष तर आत्ता एप्रिलमध्ये सुरू झालंय!’

‘म्हणून तर पंधराच.’

टीडीएस वजा जाता ज्याचा वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघणार असेल त्याने तो आगाऊ भरायचा. 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत एकूण 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण 100. साध्या माणसांना 2016 पर्यंत तीनच हप्ते होते, जूनचा नव्हता. कंपन्यांना आधीपासूनच चार. आता यात गंमत बघा, शंभर टक्के 15 मार्चला, आणि वर्ष संपतं 31 मार्चला. म्हणजे त्या उरलेल्या पंधरवड्यात मी काय कमावणार आहे हेही मला आधीच ठाऊक हवं. त्या पंधरवड्यात मी काय काय विसरणार आहे, एवढं मात्र मी आजच सांगू शकतो.

‘ही टूम कुणाची?’ असं मी विचारलं तेव्हा सीएंनी सांगितलं की ती माझ्याहून जुनी आहे. हिंदुस्थानात आयकर आणला जेम्स विल्सन यांनी 1860 साली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते कलकत्त्यात वारले, त्यामुळे त्यांना काही विचारायची सोय राहिली नाही. पुढे महायुद्धाचा खर्च छाताडावर असताना 1944 मध्ये जुन्या कायद्यात 18ए हे कलम घातलं गेलं आणि ‘कमवाल तसं भरत जा’ ही पद्धत आली. माझे आजोबा तेव्हा निजामाच्या हद्दीत होते. हैदराबादचा स्वतःचा आयकर कायदा 1357 फसलीतला, म्हणजे संस्थानच जायच्या बेतात असतानाचा. हिंदुस्थानचा कायदा तिथे लागू झाला 1950च्या एप्रिलपासून. तोवर आजोबांना वर्षातून एकच अंदाज करायचा असे, पावसाचा. तोही चुकायचाच. पण त्याबद्दल सरकार व्याज लावत नव्हतं. सावकार लावायचा, ते वेगळं.

तर पहिल्या जूनमध्ये मी अंदाज करायला बसलो. वाळूजच्या एका कारखान्यातले खरेदीचे साहेब चहा पिता पिता मला म्हणाले होते, ‘पुढच्या महिन्यापासून आमची सगळी गेज तुमच्याकडेच.’ सगळी गेज गुणिले आमचा दर गुणिले उरलेले महिने असा गुणाकार मी केला आणि जो आकडा आला तो बघून स्वतःच उठून उभा राहिलो. सीएंनी विचारलं, ‘काका, पीओ आलीय का?’ मी म्हटलं, ‘तोंडी आहे.’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी मात्र जूनमध्ये दणदणीत भरले, सप्टेंबरातही भरले, आणि दिवाळीच्या सुमारास कळलं की ते साहेब नोकरी बदलून चाकणला गेले आणि जाताना, मला वाटतं, सगळी गेज सोबत घेऊन गेले. डिसेंबरात मी हात आखडला, तरी वर्षअखेर जास्त गेलेले ते गेलेच.

‘परत मिळतील ना?’

‘मिळतील. सरकार महिन्याला अर्धा टक्का व्याजही देतं.’

‘आणि आपण कमी भरले असते तर?’

‘तर आपण महिन्याला एक टक्का दिलं असतं.’

हा दुजाभाव पचवून मी ते अर्ध्या टक्क्याचं व्याज मनातल्या मनात खर्च करायला लागलो होतो, तर सीएंनी आणखी एक पोटकलम काढलं. परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही. माझा किती होता?

साडेनऊ.

त्या वर्षीच्या सप्टेंबरातली एक गोष्ट सांगायची राहिली. सकाळी पेपर वाचत होतो, पाऊस चांगला झालेला, मन प्रसन्न. सीएंच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला, ‘काका, पंचेचाळीस टक्के झाले का?’ आता तुम्हीच सांगा, छत्रपती संभाजीनगरात सप्टेंबर महिन्यात कुणी टक्के विचारले तर भला माणूस काय समजेल? मी म्हटलं, ‘पंचेचाळीस? अहो ताई, नव्वदच्या वर गेलंय. दरवाजे उघडायची तयारी चाललीय.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग ती अगदी मनापासून म्हणाली, ‘अय्या, नव्वद! काका, मग चलनची कॉपी व्हॉट्सअॅप करा ना.’

मी तिला जायकवाडी धरणाचा फोटो पाठवला.

पण ती पोरगी हसली तरी त्या फोटोत कंपनीचा अख्खा ताळेबंद होता, हे मला पुढे कळलं. धरणाचा नाथसागर काठोकाठ भरलेला असतो, पेपरात फोटो येतो, आणि आमच्या गल्लीतल्या नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल ते मात्र व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यालाच ठाऊक. कंपनीचं उत्पन्न तसंच आहे. कंपनीला हिशेब असा ठेवावा लागतो की बिल फाडलं की उत्पन्न झालं, पैसे आले की नाही हा पुढचा प्रश्न. गिऱ्हाईक म्हणतं नव्वद दिवसांनी बघू. आगाऊ कराची तारीख म्हणते पंधराला बघू. वह्यांत साठा नव्वद टक्के आणि बँकेत हंडा उपडा. मग एका सप्टेंबरात काय केलं, तर दुसऱ्या डायरेक्टरने आपल्या भिशीच्या पैशातून कंपनीला हातउसने दिले. इतिवृत्तात व्याजाचा दर लिहिलेला नाही. तो तोंडी आहे आणि माझ्या वागणुकीप्रमाणे बदलतो.

पहिल्या वर्षी तोंड पोळलं म्हणून दुसऱ्या वर्षी मी अंदाज इतका फुंकून केला की सीएंनी विचारलं, ‘काका, धंदा बंद करताय का?’ आणि नेमकं त्याच वर्षी ऑक्टोबरात काम आलं. एका कारखान्याचं ऑडिट तोंडावर आलं आणि त्यांना अचानक साक्षात्कार झाला की आपल्या एकाही गेजचं सर्टिफिकेट जिवंत नाही. आमच्या खोलीत ठेवायला जागा उरली नाही, जिन्यात डायल गेज, देवघराशेजारी प्रेशर गेज. मी आनंदाने वेडा झालो आणि सीएंना पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, ‘अभिनंदन. जून आणि सप्टेंबर दोन्ही हप्ते कमी पडले.’ ऑक्टोबरात काम येणार हे मला जूनमध्ये कळायला हवं होतं. सरकारचं स्वतःचं बघा, दर फेब्रुवारीत संसदेत सुधारित अंदाज मांडतात आणि बाकं वाजतात. मी सुधारित अंदाज मांडला की व्याजाचं कलम 234सी वाजायचं.

मधे एकदा, 2017च्या सप्टेंबरात, आयकर खात्याने असाही एक मसुदा काढला होता की कंपन्यांनी सप्टेंबरअखेरच्या स्थितीवरून वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज एका फॉर्मात भरून 15 नोव्हेंबरपर्यंत कळवावा. सीएंनी ही जुनी हकिगत मला भीती घालायला सांगितली. मी घरी येऊन सांगितली. ही पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, ‘तुमचा अंदाज? लेखी? सरकारला?’ तिला सरकारची एवढी दया आलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

पैसे भरण्यातही कौशल्य लागतं, हा दुसरा अध्याय. पॅनच्या चौथ्या अक्षरावरून धारक कोण ते कळतं. माझ्या पॅनमध्ये तिथे ‘पी’ आहे, कंपनीच्या पॅनमध्ये ‘सी’. एका डिसेंबरात रात्री, चष्मा वर राहिलेला आणि मी खाली आलेलो, अशा अवस्थेत कंपनीचा सगळा हप्ता मी ‘पी’वर भरून टाकला. सकाळी परिस्थिती अशी होती की कंपनी थकबाकीदार आणि मी व्यक्तिशः देशाचा लाडका. बायकोने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं, ‘एवढं उत्पन्न आहे तुमचं?’ तो आदर टिकावा म्हणून मी दुपारपर्यंत खुलासा केला नाही.

पण खरा कळस झाला 2025 साली. झालं असं की त्या वर्षी 15 जून रविवारी आला. तारखेला बँकेला सुट्टी असेल तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरलेला हप्ता वेळेत धरतात, 1994 सालचं तसं परिपत्रकच आहे. मी सोमवारी 30 हजार भरले, कुणी काही बोललं नाही, आणि माझ्या मनात सरकारविषयी एक गोड गैरसमज रुजला की माणसं चांगली आहेत, एक दिवस इकडेतिकडे चालतो. पुढे त्याच वर्षी व्यक्तींच्या रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर गेली होती, म्हणजे माझं स्वतःचं रिटर्न आणि कंपनीचा 45 टक्क्यांचा हप्ता दोन्हींची तारीख एकच. ही गोष्ट दूरदृष्टीच्या माणसाने ऑगस्टमध्येच हेरली असती. मी 15 तारखेला रात्री जेवणानंतर हेरली. अख्खा देश त्या पोर्टलवर जमलेला. पान उघडेना, उघडलं तर पुढे जाईना, गेलं तर ओटीपी यायचा तो हिच्या फोनवर आणि ही झोपलेली, तिला उठवून ओटीपी विचारला तर तिने झोपेत दूधवाल्याचा हिशेब सांगितला, आणि तो सहा आकडी नव्हता. घामाघूम झालो. तेवढ्यात मध्यरात्रीच्या सुमाराला मोबाइलवर बातमी चमकली: मुदत एक दिवसाने वाढली, 16 सप्टेंबर! मी लॅपटॉप मिटला. फ्रीज उघडला. पितृपक्ष चालू होता, शेजारच्यांनी दिलेली खीर होती. पूर्वजांचं स्मरण करून मी ती संपवली आणि शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी रिटर्न भरलं, कंपनीचा हप्ताही भरला, वर सीएंना फोन करून ऐटीत सांगितलं, ‘मुदतीच्या आत हं!’

‘काका,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या ‘काका’ म्हणण्यावरून मला व्याजाचा वास येतो, ‘मुदत रिटर्नची वाढली. आगाऊ कराची नाही.’

‘बरं, मग एका दिवसाचं व्याज किती ते सांगा.’

‘एका दिवसाचं नसतं. तीन महिन्यांचं.’

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण जून, सप्टेंबर आणि डिसेंबर, यातला कुठलाही हप्ता हुकला की तूट गुणिले महिना एक टक्का गुणिले तीन महिने, असा सरळ हिशेब. मग एक दिवस उशीर करा नाहीतर ऐंशी. समजा टीडीएस वजा जाता कर दोन लाख. त्याचे 45 टक्के 90 हजार, जूनमधले 30 गेले, तूट 60 हजार, व्याज 1,800. एका रात्रीच्या झोपेचे अठराशे. आमच्या शहरात अठराशेत एसी खोली मिळते, आणि मी तर स्वतःच्या घरी, पंख्याखाली झोपलो होतो. एसी गेजना असतो.

या धक्क्यातून सावरताना मी प्रथमच ते कलम नीट वाचलं आणि माझ्यातला कॅलिब्रेशनवाला जागा झाला. जूनमध्ये 15 टक्के हवेत, पण 12 भरले तरी व्याज नाही. सप्टेंबरात 45 हवेत, पण 36ला सोडतात. अहो, हा तर टॉलरन्स! आम्ही मापांना देतो तोच! पुढे डिसेंबरच्या 75ला आणि मार्चच्या 100ला मात्र टॉलरन्स शून्य, इतकं कडक तर आम्ही स्लिप गेजलाही वागवत नाही, पण निदान भाषा ओळखीची निघाली. मी उत्साहाने आमच्या सर्टिफिकेटच्या छापील नमुन्यावर डिसेंबरचा अंदाज तयार केला: अपेक्षित नफा 8 लाख, अनिश्चितता अधिक-उणे 4 लाख, विश्वासपातळी 95 टक्के, खोलीचं तापमान 20 अंश. खाली सही-शिक्का. आयुष्यात इतका प्रामाणिक कागद मी दुसरा केलेला नाही. सीएंनी तो दोनदा वाचला.

‘काका, चलनमध्ये अधिक-उणेचा रकाना नसतो.’

मध्यंतरी नव्या आयकर कायद्याची बातमी आली, 2025चा कायदा, 1 एप्रिल 2026 पासून लागू. आर्थिक वर्ष आणि कर-निर्धारण वर्ष हा घोळ जाऊन एकच ‘कर वर्ष’ होणार. या घोळात मी नेहमी एक वर्ष मागे किंवा पुढे राहत आलोय, म्हणून मला फार बरं वाटलं. मी विचारलं, ‘म्हणजे कलमं बदलली?’ बदलली. ‘आकडे बदलले?’ कलमांचे बदलले. ‘तारखा?’ त्याच. ‘टक्के?’ तेच. सीए फोन ठेवणार होते, मी म्हटलं, ‘आणि तीन महिन्यांचं व्याज?’ ते म्हणाले, ‘काका, गाडी चालवतोय.’

शेवटी बोर्डाची तातडीची बैठक झाली. ठिकाण ओटा. विषय एकच: आगाऊ कराचा अंदाज करण्याचं काम मॅनेजिंग डायरेक्टरकडून काढून घेणे. मतदान झालं, ठरावाच्या बाजूने एक, विरुद्ध एक. समसमान मतं पडली की आमच्या नियमावलीप्रमाणे अध्यक्षाला निर्णायक मत असतं. मी घसा खाकरला. दुसऱ्या डायरेक्टरने माझ्यासमोरचा चहाचा कप अलगद स्वतःकडे ओढला. ठराव एकमताने मंजूर.

आता सीएंच्या ऑफिसातून फोन येतो आणि ती मुलगी सरळ म्हणते, ‘काका, काकूंना द्या ना.’ मी देतो. त्या दोघी काय बोलतात ते मला कळत नाही, पण मधेच माझ्याकडे बघून हसणं होतं. मला कामातून अगदीच बाद केलंय असं नाही. आकडे खरे-खोटे मी सांगतो, ही ते कागदावर घेते आणि त्यांचं जे काय करायचं ते करते.

राहता राहिला माझा कॅल्क्युलेटर. आमच्या लॅबचा नियम असा की तपासणीत नापास झालेल्या मापावर ‘वापरू नये’ अशी लाल चिठ्ठी लावायची आणि रजिस्टरमध्ये कारण लिहायचं. त्या बैठकीनंतर एका सकाळी खाली आलो तर माझ्या कॅल्क्युलेटरवर लाल चिठ्ठी. लॅबमधलं पोरगं मान खाली घालून व्हर्नियर पुसत होतं. मी तावातावाने रजिस्टर उघडलं. कारणाच्या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘यंत्र बरोबर आहे. चालवणारा मापात नाही.’